बंदुकीचा धक्का आणि नेमबाजाचा धीर

नेवासे म्हटले की मराठी वाचकांस ज्ञानेश्वरी आठवते, आणि ते योग्यच होय. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ सांगितला अशी श्रद्धा आहे, तो पैसाचा खांब पाहण्यास आजही भाविक तेथे जातात. परंतु शांतरसाच्या या भूमीवरून युद्धाची वाटही गेलेली आहे. १२ ऑगस्ट १८०३ रोजी नगरचा किल्ला हाती आल्यावर जनरल वेलस्ली उत्तरेकडे वळला, आणि त्याच महिन्यात नेवाशाच्या टापूतील टोके येथे गोदावरी उतरून औरंगाबादेकडे गेला. पुढे २३ सप्टेंबर रोजी असईचा संग्राम झाला आणि दक्षिणेतील शिंद्यांच्या सत्तेचा कणा मोडला.

या पराभवाची मीमांसा करताना इंग्रजांची हत्यारे सरस होती असे पुष्कळदा सांगण्यात येते. आमच्या मते हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. द बॉयन याने १७८४ पासून महादजींच्या पदरी ज्या कवायती पलटणी उभारल्या, त्यांच्या हाती इंग्रजी शिपायाप्रमाणेच चकमकीची बंदूक होती. शिंद्यांच्या तोफा तर सुमारे शंभर होत्या, आणि त्यांच्या माऱ्याने इंग्रजांची दीड हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. तेव्हा भेद हत्यारात नव्हे, अन्यत्र शोधला पाहिजे. त्यासाठी त्या बंदुकीचाच स्वभाव प्रथम समजून घेणे इष्ट आहे.

इंग्रज शिपायाच्या बंदुकीचे वजन सुमारे साडेचार किलो असून तिची गोळी तीस ग्रॅमांहून थोडी अधिक भरे. जितक्या जोराने गोळी पुढे जावयाची, तितक्याच जोराने बंदूक मागे यावयाची, हा न्यूटनचा नियम. बंदूक गोळीच्या दीडशे पटही जड नसल्यामुळे प्रत्येक बाराला खांद्यावर जबर धक्का बसे. शिवाय रंजक पेटून डोळ्यांजवळ भडका उडे. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी तिच्यात सैल बसणारी. त्यामुळे शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. मागील बाजूस नेम धरण्याची खूणही या बंदुकीस नव्हती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत बंदूक मागे सरकते ती अगदी थोडी. खांद्यास जाणवणारा धक्का बहुतांशी गोळी निघून गेल्यावरचा असतो. म्हणजे नेम बिघडतो तो धक्क्याने नव्हे, तर धक्क्याच्या धास्तीने. बार उडण्यापूर्वीच डोळे मिटतात, खांदा आखडतो, चापाला हिसका बसतो आणि नळीचे तोंड खाली झुकते. शत्रूपूर्वी स्वतःच्या हत्याराला भिणारा हा शिपाई होय.

या भयावर त्या काळी उपाय योजला तो कवायतीचा. एकेकट्याने नेम साधावा अशी अपेक्षाच नव्हती. हुकूम होईपर्यंत बार राखून धरावा आणि जवळ जाऊन सर्वांनी एकदम सोडावा, ही शिकवण होती. असई येथे ७८ व्या हायलंडर पलटणीने अशीच शत्रूच्या निकट जाऊन एक फैर झाडली आणि मग संगिनी रोखून चाल केली.

पुढे नळीत आटे आले, नेम सुधारला, परंतु धक्का राहिलाच. १८७१ मध्ये इंग्रजी फौजेने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही बंदूक याविषयी कुप्रसिद्धच होती. एकतीस ग्रॅमांची गोळी, त्यात सतत बारांनी नळीत साचणारी काजळी. यामुळे शिपायांचे खांदे काळेनिळे होत. अशा बंदुकीवर ताबा मिळविण्याच्या युक्त्या आज सर्वमान्य झाल्या आहेत. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवावा, कारण मध्ये फट राहिली की धक्क्याचा ठोसा होतो. पकड दर वेळी तीच ठेवावी, म्हणजे बंदूक दर वेळी सारखीच उसळेल. श्वास सोडून क्षणभर थांबावे, आणि चाप हिसडू नये, हळूहळू दाबीत जावे, इतका की बार केव्हा उडाला याचे आपणांसच नवल वाटावे. प्रथम रिकाम्या बंदुकीवर व हलक्या बारावर पुष्कळ सराव करावा. चतुर शिक्षक तर शिष्यास न सांगता मधूनच पोकळ काडतूस भरतात. धक्का नसतानाही नळी झुकली, की दोष हत्याराचा की मनाचा हे शिष्यास आपोआप कळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असा सराव वर्षानुवर्षे करवून घेणारा गुरू लागतो. शिंद्यांच्या पलटणींत हे गुरू बहुतेक परकी अंमलदार होते. युद्ध सुरू होताच कंपनीने जाहीरनामा काढून त्यांस आपल्याकडे बोलाविले आणि त्यांपैकी पुष्कळजण निघून गेले. मागे राहिलेले शिपाई व गोलंदाज शौर्यात उणे पडले नाहीत. कित्येक गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. उणीव होती ती ही, की विद्या घेतली पण विद्या देणारी परंपरा आपल्या घरात रुजविली नाही. हत्यार विकत मिळते, ओतविताही येते. धीर मात्र पिढ्यांच्या अभ्यासानेच अंगी बाणतो.

ही परंपरा आपल्याकडे रुजू शकत नाही असे मात्र कोणी समजू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारातील बंदूक ८ किलोपर्यंत जड असू शकते आणि गोळी अवघी अडीच-पावणेतीन ग्रॅमांची. तेथे खांद्यास धक्का असा जवळजवळ नाहीच. तरीही श्वास, पकड आणि चाप यांची शिस्त तीच लागते, कारण शेवटी जिंकावयाचे असते ते स्वतःच्या मनाला. इंद्रियनिग्रहाचा जो उपदेश प्रवरेच्या तीरी सातशे वर्षांपूर्वी मराठीत झाला, तो बंदुकीसाठी खचितच नव्हता. पण बंदूक धरणाऱ्यासही त्यावाचून गत्यंतर नाही.