राउटरच्या पाठीवरचे दहा अंक : कारखान्यात ठरलेल्या पासवर्डांचा इतिहास (थ्रेड)

घरातील वाय-फाय राउटर उलटा करून पाहिला, की त्याच्या पाठीवर एक स्टिकर दिसतो. त्यावर नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. अक्षरे-अंकांची ती विचित्र माळ पाहून बहुतेकांना वाटते, की इतके अवघड काही कोणाला सुचणार नाही. हा विश्वास कितपत खरा, याची कसोटी गेल्या दोन दशकांत अनेकांनी घेतली. त्या कसोट्यांचा हा इतिहास.

प्रारंभी पार्श्वभूमी. १९९७ साली वायरलेस जाळ्यांचे पहिले मानक आले आणि त्याबरोबर ‘वेप’ ही सांकेतिक संरक्षणपद्धती आली. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी तिच्या मुळाशी असलेला दोष दाखवला. पासवर्ड कितीही चांगला असला तरी हवेतले संदेश पुरेसे गोळा केले की किल्ली हाती येत असे. मग २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आणि २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आले.

या नव्या पद्धतीत पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो. तो नेटवर्कच्या नावासह एका गणिती प्रक्रियेतून ४,०९६ वेळा घुसळला जातो व त्यातून खरी किल्ली निघते. इतके घुसळण्याचा हेतू एकच : प्रत्येक अंदाज तपासणे हल्लेखोराला महाग पडावे. कारण राउटरशी जोडणी होताना जे चार संदेश हवेतून जातात, ते टिपून घेणारा माणूस नंतर घरी बसून, राउटरला कळूही न देता, अंदाजामागून अंदाज ताडून पाहू शकतो. म्हणजे सारी मदार पासवर्डवर आली. आणि पासवर्ड कोण ठरवत होते? बहुतांशी, कारखाना.

कारखान्यापुढे खरोखरच पेच होता. लाखो खोकी बाहेर पडणार आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा. यादृच्छिक अक्षरे निवडून त्यांची नोंद ठेवणे हा सरळ मार्ग. पण खोक्यावर अनुक्रमांक असतोच, मग त्यातूनच पासवर्ड काढला तर? सोय मोठी होती आणि मोह त्याहून मोठा.

थॉमसन कंपनीच्या ‘स्पीडटच’ राउटरांनी नेमके हेच केले. युरोपात अनेक इंटरनेट कंपन्या ते ग्राहकांना देत. पासवर्ड दहा अंकांचा, षोडशमान पद्धतीचा. प्रत्येक जागी १६ शक्यता, म्हणून एकूण शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी. कागदावर हा भक्कम बुरूजच. परंतु २००८ मध्ये एका संशोधकाने राउटरबरोबर मिळणारा जोडणीचा प्रोग्राम उलगडून पाहिला आणि त्यात ते सूत्र सापडले. अनुक्रमांकातील वर्ष, आठवडा आणि शेवटची तीन चिन्हे घ्यायची, ‘शा-१’ या सूत्रातून काढायची. निघालेल्या मालिकेचा आरंभ म्हणजे पासवर्ड आणि तिचाच शेवट म्हणजे नेटवर्कच्या नावातील सहा अंक!

मित्रहो, येथे थोडे थांबून हिशेब करू. वर्षात ५२ आठवडे. तीन चिन्हांच्या ४६,६५६ शक्यता. गुणाकार : २४ लाख २६ हजार ११२. एका वर्षाच्या उत्पादनात याहून अधिक वेगळे पासवर्ड संभवतच नव्हते. शिवाय नेटवर्कचे नाव राउटर स्वतःच हवेत घोषित करत असतो आणि त्या सहा अंकांच्या शक्यता १ कोटी ६७ लाख. दहा वर्षांचे सगळे उत्पादन चाळले तरी एका नावाशी जुळणारे पासवर्ड सरासरी एक-दोनच उरतात. लाख कोटींचा बुरूज, आणि आत जायला दिंडी उघडी!

ऑग्युस्त केर्कहॉफ्स या डच वंशाच्या भाषापंडिताने १८८३ मध्येच लिहून ठेवले होते, की सांकेतिक व्यवस्थेची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी तिचे नुकसान होता कामा नये. गुप्त राहावी ती किल्ली. स्पीडटचमध्ये गुप्त होते ते सूत्र, आणि तेही ग्राहकाच्या हाती दिलेल्या प्रोग्राममध्ये. सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा अभियंत्यांना ठाऊक नव्हता असे मला वाटत नाही. सोयीपुढे तो मागे पडला.

हे प्रकरण केवळ गणिताचे नव्हते. त्याच वर्षी, २६ जुलै २००८ रोजी, अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी काही मिनिटे धमकीचा ई-मेल गेला. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरी पोहोचला. तेथील रहिवाशाचे वाय-फाय असुरक्षित होते. ते परक्यानेच वापरले होते, पण चौकशीला सामोरे जावे लागले त्या रहिवाशाला. २००९च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वाय-फाय जाळी शोधण्याचे जाहीर केले.

पुढे २०१५ मध्ये नेदरलँड्समधील नायमेगेनच्या रॅडबाऊड विद्यापीठातील संशोधकांनी तेथील घराघरांतले राउटर तपासले, तेव्हा तोच जुना दोष नव्या खोक्यांत आढळला. केर्कहॉफ्सची जन्मभूमी तीच, हा योगायोग.

दुसरा दोष साधा होता : लांबीचा. २०१७ मध्ये ब्रिटनमधील ‘विच?’ या ग्राहकसंस्थेच्या तपासणीनंतर व्हर्जिन मीडियाने सुमारे ८ लाख ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. त्यांच्या ‘सुपर हब २’चा मूळ पासवर्ड केवळ आठ लहान इंग्रजी अक्षरांचा होता. २६चा आठवा घात म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. २०१६ मध्ये आलेले एक उत्तम ग्राफिक्स कार्ड सेकंदाला चार लाखांच्या आसपास अंदाज तपासू शके. भागाकार करून पाहा, सहा दिवस येतात. अक्षरे बाराच केली असती, तर त्याच कार्डाला साडेसात हजार वर्षे लागली असती.

२९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये जोडणीक्षम उपकरणांसंबंधी नवे नियम लागू झाले. पासवर्ड प्रत्येक उपकरणाचा वेगळा हवा किंवा ग्राहकाने स्वतः ठरवलेला हवा, एवढे सांगून ते थांबत नाहीत. तो चढत्या क्रमाच्या आकड्यांवर बेतलेला नसावा, आणि मान्यताप्राप्त सांकेतिक पद्धतीची जोड दिल्याखेरीज अनुक्रमांकावरूनही काढलेला नसावा, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे.