जंगलातील हरणाच्या शिकारीसाठी आखूड व हलकी बोल्ट-ॲक्शन रायफल : अमेरिकेतील एका निवडीचा इतिहास (१८९४ ते १९८३)

प्रस्तावना :

शस्त्रांच्या इतिहासाचे लेखन बहुधा युद्धांच्या अनुषंगाने झालेले आहे. शिकारीच्या रायफलीला त्यात क्वचितच स्थान मिळते. परंतु सामान्य माणसाने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेले शस्त्र त्या समाजाविषयी लष्करी शस्त्राहून अधिक सांगू शकते, कारण तेथे हुकूम नसतो, निवड असते. प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या पूर्वेकडील अरण्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीसाठी आखूड व हलक्या बोल्ट-ॲक्शन रायफलीची निवड कशी घडत गेली, याचा मागोवा घेतला आहे. ही निवड केवळ तंत्रज्ञानाच्या प्रगतीमुळे झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे.

मेन, व्हरमाँट, ॲडिरॉन्डॅक पर्वतप्रदेश आणि पेनसिल्व्हेनिया येथील जंगल दाट व झुडपांनी भरलेले असते. हरीण दिसते ते बहुधा शंभर यार्डांच्या आत, आणि तेही काही क्षणांपुरतेच. शिकाऱ्याला दिवसभर पडलेल्या झाडांवरून, दलदलीतून व चढणीवरून चालावे लागते. साहजिकच लांब नळी फांद्यांत अडकते आणि जड रायफल दुपारपर्यंत हातातून खांद्यावर जाते. खांद्यावर टांगलेली रायफल ऐन वेळी उपयोगी पडत नाही, हे तेथील शिकारी अनुभवाने जाणत होते.

लिव्हर रायफलीचे वर्चस्व :

या गरजेला पहिले समर्थ उत्तर बोल्ट-ॲक्शन रायफलीने दिले नाही. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावर आधारित विंचेस्टर मॉडेल १८९४ ही लिव्हर-ॲक्शन रायफल आणि १८९५ मध्ये तिच्यासाठी आलेले .३०-३० हे धूरविरहित दारूचे काडतूस, या जोडीने पूर्वेकडील जंगल जवळजवळ व्यापून टाकले. वीस इंचांची नळी, सुमारे ३ किलो वजन, सपाट कडा आणि वेगाने दुसरी गोळी झाडण्याची सोय, हे तिचे गुण होते. न्यू हेवन येथील कारखाना २००६ मध्ये बंद झाला तोवर अशा ७० लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या होत्या.

तिच्या मर्यादा मात्र रचनेतच होत्या. तिचे मॅगझिन नळीखालील दुसऱ्या नळीच्या स्वरूपाचे असल्याने काडतुसे एकामागे एक राहत. पुढच्या काडतुसाच्या टोपीवर मागच्या गोळीचे टोक टेकत असल्याने टोकदार गोळी धोकादायक ठरे. म्हणून गोळ्या चपट्या टोकाच्या ठेवाव्या लागत व त्यांचा वेग हवेत लवकर घटे. शिवाय रिकामे काडतूस वरच्या बाजूने बाहेर फेकले जात असल्यामुळे रिसीव्हरच्या मध्यावर दुर्बीण बसवता येत नसे. १८९४ च्या शिकाऱ्याला याचे सोयरसुतक नव्हते. १९३० मध्ये विल्यम वीव्हर यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी दुर्बीण बाजारात आणल्यावर हीच उणीव ठळक झाली. हरणाच्या हालचाली पहाटे व संध्याकाळी अधिक असतात आणि त्या अंधूक उजेडात उघड्या डोळ्याने माशी व खाच जुळवणे कठीण होते.

येथे आणखी एका बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार व्यापारी शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या पाच लाखांच्या आसपास, काही अंदाजांनुसार त्याहूनही कमी, उरली होती. अवैधरीत्या मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्यीय वाहतुकीस बंदी घालणारा १९०० चा लेसी कायदा, राज्यांनी घातलेली हंगामाची व संख्येची बंधने आणि १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा यांमुळे चित्र पालटले. या शेवटच्या कायद्याने शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनाकडे वळविले. म्हणजेच रायफल विकत घेणारा शिकारी नकळत हरणांच्या पुनर्वसनाचा खर्चही उचलत होता. हंगाम मोजक्या दिवसांचा आणि बहुधा एकाच हरणाची मुभा, अशा स्थितीत पहिली गोळी अचूक बसणे हे दुसरी गोळी जलद झाडण्यापेक्षा महत्त्वाचे ठरू लागले.

बोल्टचे आगमन आणि काडतुसाची लांबी :

माउझरच्या १८९८ च्या रचनेवर आधारलेली स्प्रिंगफील्ड मॉडेल १९०३ ही अमेरिकेची लष्करी रायफल होती. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या लाखो सैनिकांना बोल्टची सवय झाली होती. परंतु चोवीस इंची नळीची, जवळजवळ ४ किलोची ही रायफल दाट झाडीत गैरसोयीचीच होती. युरोपात याचे उत्तर आधीच सापडले होते. ऑस्ट्रियातील स्टायर येथे तयार होणाऱ्या मॅनलिखर-शोनाउअर मॉडेल १९०३ या कार्बाइनची नळी केवळ ४५ सेंटिमीटर होती, लाकडी दस्ता नळीच्या टोकापर्यंत गेलेला होता आणि ओटो शोनाउअर यांच्या फिरत्या मॅगझिनमुळे काडतुसे लोण्यातून सरकावीत तशी आत जात. पण ती हाताने घडविलेली महागडी वस्तू होती. पेनसिल्व्हेनियातील खाणकामगाराच्या आवाक्यात ती कधीच आली नाही. सॅव्हेज कंपनीने १९२० मध्ये सुमारे सहा पौंड वजनाची एक सुटसुटीत बोल्ट रायफल काढली होती. ती काळाच्या पुढे होती आणि म्हणूनच फार काळ टिकली नाही.

खरा बदल रायफलीत नव्हे, काडतुसात झाला. १९०६ पासून प्रचलित असलेल्या .३०-०६ काडतुसाचे पितळी कवच ६३ मिलिमीटर लांब होते. १९५२ मध्ये आलेल्या .३०८ विंचेस्टरचे कवच ५१ मिलिमीटरचे होते, आणि सुधारित दारूमुळे गोळीचा वेग फारसा कमी झाला नाही. काडतूस लांडे झाले की बोल्टला मागे कमी सरकावे लागते, म्हणून रिसीव्हर लांडा होतो, दस्ता लांडा होतो व वजन घटते. बारा मिलिमीटरच्या या फरकातून पुढील सर्व घडले. त्याच वर्षी विंचेस्टरने मॉडेल ७० ची ‘फेदरवेट’ आवृत्ती बावीस इंची बारीक नळी व ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांसह बाजारात आणली. १९५५ मध्ये .३०८ चे तोंड अरुंद करून .२४३ विंचेस्टर, तर १९८० मध्ये रेमिंग्टनने त्याच कवचातून ७ मिलिमीटर-०८ तयार केले. हरणासाठी पुरेशी शक्ती आणि खांद्याला सोसवेल असा धक्का, या दोहोंचा मेळ या शेवटच्या काडतुसात सर्वांत चांगला साधला, असे म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अतिपूर्वेकडील युद्धासाठी ब्रिटनने काढलेली ‘जंगल कार्बाइन’, म्हणजे ली-एनफिल्ड क्रमांक ५, हीदेखील युद्धोत्तर काळात स्वस्तात अमेरिकी शिकाऱ्यांच्या हाती आली. साधारण ३.२ किलोची ही रायफल दिसायला देखणी असली, तरी तिचा नेम ठिकाणावर राहत नाही, अशी तक्रार खुद्द सैन्यातूनच होती. (याच ली-एनफिल्ड घराण्यातील .३१५ बोअरची शिकारी रायफल ईशापूर येथील कारखान्यात तयार होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारी रायफलीची निवड हा विषयच संपुष्टात आला.)

हलकेपणाची किंमत :

१९६४ मध्ये रेमिंग्टनने मॉडेल ६०० आणले. साडेअठरा इंची नळी, नळीवर प्लास्टिकची जाळीदार पट्टी आणि कुत्र्याच्या मागील पायासारखी वाकडी बोल्टची मूठ. तिच्या रूपावर त्या वेळी बरीच टीका झाली. काम मात्र चोख होते. कंपनीला तेवढ्यावर समाधान नव्हते. पुढच्याच वर्षी याच छोट्या रायफलीत .३५० रेमिंग्टन मॅग्नम हे जबर काडतूस बसविण्यात आले.

येथे पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम आड येतो. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन आठ पौंडांवरून सहा पौंडांवर आणले, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. आखूड नळीमुळे कानठळ्या बसविणारा आवाज व ज्वाळाही वाढतात. नळी लहान केल्याने .३०८ च्या वेगात इंचामागे साधारण वीस-पंचवीस फूट प्रतिसेकंद इतकी घट होते. ऐंशी यार्डांवरील हरणाच्या बाबतीत ती नगण्य होय. धक्क्याची भीती मात्र नगण्य नव्हे. धक्क्याला भ्यालेला शिकारी चाप ओढताना डोळे मिटतो, आणि जखमी हरीण झाडीत नाहीसे होऊन दोन दिवसांनी मरते. म्हणून प्रश्न शिकाऱ्याच्या सोयीपुरता उरत नाही. शिवाय फार हलकी नळी धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात स्थिर राहत नाही. १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील मेल्विन फोर्ब्ज यांनी केव्हलारचे दस्ते वापरून पाच पौंडांच्या आसपासच्या उत्कृष्ट रायफली घडविल्या. त्यांची अचूकता वादातीत आहे. परंतु सर्वसाधारण शिकाऱ्याला साडेसहा ते सात पौंडच अधिक मानवतात.

जड, बोथट गोळी झुडपे भेदून सरळ जाते, ही शिकाऱ्यांमधील दृढ समजूतही याच संदर्भात तपासावी लागते. बंदूकविषयक लेखकांनी वारंवार केलेल्या चाचण्यांत फांदीला लागलेली प्रत्येक गोळी कमी-अधिक वळलेलीच आढळली. .३०-३० ची कीर्ती ज्या एका कारणावर उभी होती, ते अशा रीतीने डळमळीत झाले. तरीही लिव्हर व पंप रायफलींचा जलदपणा नाकारता येत नाही, आणि बोल्टचे पुरस्कर्ते तो सोयीस्करपणे विसरतात. पेनसिल्व्हेनियात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी अर्धस्वयंचलित रायफलींना दीर्घकाळ बंदी होती. तेथे बोल्टचा खरा प्रतिस्पर्धी १९५२ ची रेमिंग्टन ७६० ही पंप रायफल होती.

मॉडेल ६०० चे उत्पादन १९६८ मध्ये थांबले व तिची सुधारित आवृत्ती, मॉडेल ६६०, १९७१ पर्यंत चालली. सुरक्षा-कळ लावलेली असताना या रायफलींचा बोल्ट उघडत नसे. म्हणजे काडतुसे काढण्यासाठी आधी सुरक्षा सोडावी लागे, आणि नेमक्या त्याच क्षणी चापाची यंत्रणा सदोष असल्यास गोळी सुटण्याचा धोका होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीला या रायफली दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या. १९८२ मध्ये रेमिंग्टनने आपल्या मुख्य बोल्ट रायफलीतील हे कुलूप काढून टाकले. १९८३ मध्ये आलेल्या मॉडेल सेव्हनमध्ये प्लास्टिकची पट्टी नव्हती, वाकडी मूठ नव्हती. साडेअठरा इंची नळी आणि सव्वासहा पौंडांच्या आसपासचे वजन मात्र होते.