खारबाव: बांधाला दार असतं, भरावाला नसतं

वसई-दिवा लाइनवर कामण रोड आणि भिवंडी रोडच्या मध्ये एक स्टेशन लागतं, खारबाव. किनारपट्टीत 'खार' म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी जमीन. हवामान बदलावर शहरांनी काय करायचं, याचं थोडं उत्तर या खाडीकाठच्या चिखलात आहे. कसं, ते बघू.

ठाणे-रायगडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बांध घालून खाडी अडवली आणि आत भात पिकवला. बांधात झडपेचं दार ठेवायचे, त्याला म्हणतात उघाडी. भरती आली की पाण्याच्या दाबानेच झडप बंद होते आणि ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जातं. ना वीज, ना सेन्सर! पण खेकड्याने पाडलेलं भोकही बुजवावं लागतं, नाहीतर बांधाला खांड पडते. म्हणजे खरं काम देखभालीचं. ते आधी गावकरी मिळून करायचे. 1948 च्या खारजमीन कायद्याने त्यात सरकार आलं, 1979 ला नवा कायदा झाला.

बांधांमुळे काही खारफुटी गेली, हे मान्यच. पण बांध पाण्याला वाट देतो. भराव देत नाही.

मुंबईच्या जकात हद्दीबाहेर म्हणून भिवंडी तालुक्यात गोदामं वाढली. 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. आपण मोबाइलवर ऑर्डर टाकतो, तो माल कुठेतरी ठेवावा लागतोच ना! प्रश्न एवढाच, की जागा कुठली?

खारफुटीच्या चिखलात ऑक्सिजन कमी, म्हणून पानं-मुळं सावकाश कुजतात आणि कार्बन शेकडो वर्षं गाडलेला राहतो. तो चिखल उकरला की कार्बन पुन्हा हवेत. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला मनाई केली आणि भोवती 50 मीटरचा पट्टाही राखायला सांगितला.

दुसरा उपाय रुळांवर आहे. मालगाड्यांसाठीचा वेगळा विजेचा मार्ग, दादरी ते जेएनपीटी, याच पट्ट्यातून जातो. ट्रकपेक्षा रेल्वेने तेवढाच माल न्यायला इंधन बरंच कमी लागतं.

म्हणजे गोदामं उंच जमिनीवर, माल रुळांवर आणि खाडी मोकळी. नवं झाड लावल्याचा फोटो छान येतो, पण उभी खारफुटी राखणं जास्त मोलाचं. बांधासारखंच, तिच्यावरही रोज कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

तुमच्या गावाच्या नावात खार, खाजण असं काही आहे का? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, उघाडी कुठे होती. भेटू पुढच्या भागात!