दुखण्याची शिरगणती : भिगवण ते जॉन्स्टन काउंटी

आपल्या मॉरिसव्हिलहून विल्मिंग्टनच्या समुद्रावर निघालं की आय-४० वर रॅली मागे पडल्यावर जॉन्स्टन काउंटी लागते. दोन्ही बाजूंना तंबाखूची आणि रताळ्यांची शेतं. स्मिथफील्डच्या आउटलेट मॉलमधली खरेदी सोडली तर या काउंटीशी आपला काही संबंध येत नाही. तिकडे महाराष्ट्रात पुण्याहून सोलापूरकडे जाताना साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण लागतं. उजनी धरणाच्या फुगवट्यातले ताजे मासे आणि हिवाळ्यात येणारे फ्लेमिंगो यांच्यासाठी ते प्रसिद्ध. पण जगभरच्या संधिवाततज्ज्ञांना ही दोन्ही नावं एका वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहेत. १९९० च्या दशकात या दोन्ही ठिकाणी संशोधक घरोघरी गेले आणि 'तुमचं काय दुखतं?' असं विचारत त्यांनी चक्क दुखण्याची शिरगणती केली!

मी पडलो कॉम्प्युटर इंजिनीअर. हाडांचं माझं ज्ञान शाळेतल्या सांगाड्यापुरतं. पण दिवसभर आकड्यांशी खेळणाऱ्या माणसाला 'हा आकडा आला कुठून?' हा प्रश्न पडतोच. 'भारतात अमुक टक्के लोकांना संधिवात आहे' हे वाक्य आपण सहज वाचतो. त्या टक्क्यामागे कोण कुणाच्या दारात गेलं होतं, त्याची ही गोष्ट.

आधी मुळात अडचण काय होती ते पाहू. रुग्णालयातले रुग्ण मोजून समाजातला रोग मोजता येत नाही. जो दवाखान्यात आला तोच मोजला जातो. पैसे नाहीत म्हणून, एस.टी. नाही म्हणून किंवा 'वय झालं, दुखायचंच' म्हणून जो घरीच बसला तो हिशेबातच येत नाही. हृदयविकाराने आणि कॉलऱ्याने माणसं मरतात, त्यामुळे त्यांची निदान मृत्यूच्या दाखल्यावर तरी नोंद होते. गुडघेदुखीने कोणी मरत नाही. माणूस वीस वर्षं लंगडत जगतो आणि कुठल्याच कागदावर त्याची नोंद नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मँचेस्टरमध्ये योनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी कोळशाच्या खाणीतले कामगार तपासले, लँकेशायरमधल्या गावकऱ्यांचे एक्स-रे काढले, आणि १९५७ मध्ये सांध्याची झीज मोजायची शून्य ते चार अशी फूटपट्टी तयार केली. तुमच्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून डॉक्टर आज 'ग्रेड थ्री' म्हणतात ना, ती हीच. पण या पद्धतीला एक्स-रे मशीन लागतं, फिल्म लागते, पैसा लागतो. शिवाय एक्स-रेमध्ये झीज दिसणारा माणूस ठणठणीत चालतो आणि एक्स-रे स्वच्छ असलेला कण्हत असतो, असंही होतं.

मग गरीब देशांनी काय करायचं? १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून 'कॉपकॉर्ड' नावाचा कार्यक्रम सुरू केला. कल्पना अगदी साधी होती. सुरुवात यंत्राने करायचीच नाही, प्रश्नाने करायची. पहिल्या टप्प्यात गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवायचं. दुखतंय म्हणणाऱ्यांची नावं वेगळी काढायची. दुसऱ्या टप्प्यात त्यांना कुठे, किती, काय करता येत नाही हे सविस्तर विचारायचं. आणि तिसऱ्या टप्प्यात तेवढ्याच लोकांना तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासायचं. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात हे प्रयोग आधी झाले.

भारतात याचा मान भिगवणला मिळाला. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या 'सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस'ची मंडळी तिथे पोचली. इतरत्र हे तीन टप्पे एकामागून एक चालत; भिगवणला ते बरोबरीने चालवले. स्वयंसेवक पुढे घरं करत होते आणि मागोमाग डॉक्टर तपासत होते. पाच आठवड्यांत काम उरकलं. ४,०९२ प्रौढांशी बोलणं झालं, म्हणजे गावातल्या दर दहा प्रौढांपैकी जवळजवळ नऊ. यातल्या ७४६ जणांनी, म्हणजे १८.२ टक्के लोकांनी, हाडं, सांधे किंवा स्नायू दुखत असल्याचं सांगितलं. जवळपास दर पाचातला एक!

यातला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सुमारे अर्धा टक्का भरला. दोनशे माणसांत एक. त्याआधी दिल्लीजवळच्या खेड्यांत फक्त आमवात शोधण्यासाठी डॉ. मालवीय आणि सहकाऱ्यांनी मोठी पाहणी केली होती. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा पाऊण टक्का होता. म्हणजे दोन्ही आकडे पाश्चात्त्य देशांच्या आसपासचेच. पण भिगवणचं खरं महत्त्व उरलेल्या लोकांत आहे. दुखणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं दुखणं स्नायू, शिरा, कंडरा अशा मऊ भागांचं होतं. त्याखालोखाल झिजेचा संधिवात. ऊस तोडणं, पाण्याच्या घागरी वाहणं, वाकून खुरपणं यांच्या पाठीवर जे साठत जातं, त्याला पाठ्यपुस्तकात मोठं नावही नसतं. संधिवातावरची पुस्तकं तर आमवातासारख्या मोठ्या रोगांनी भरलेली! ज्याने गाव खरोखर त्रस्त होतं, ते दुखणं दारात गेल्यावरच दिसलं.

इथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट आठवते. अपंगत्व मोजायची एक प्रसिद्ध प्रश्नावली १९८० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली. ती अमेरिकन जगण्यावर बेतलेली. भारतीय डॉक्टरांनी पुढे तिची भारतीय आवृत्ती केली, आणि तिच्यात प्रश्न आले : उकिडवं किंवा मांडी घालून बसता येतं का? रिक्षात चढता-उतरता येतं का? भाजीबाजारात जाऊन भाजी आणता येते का? आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'लोकलायझेशन' म्हणतो आणि बहुतेक वेळा तारखेचा फॉरमॅट बदलून मोकळे होतो. खरं लोकलायझेशन हे असं असतं. ज्या बाईला खुर्चीवरून उठता येतं पण देवापुढे मांडी घालून बसता येत नाही, तिचं दुखणं अमेरिकन प्रश्नावलीत शून्य भरलं असतं.

आता येऊ आपल्या शेजारी. जॉन्स्टन काउंटीचा ऑस्टिओआर्थ्रायटिस प्रकल्प चॅपल हिलच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाने १९९० च्या सुमारास सुरू केला. त्याला केंद्र सरकारच्या सी.डी.सी. या संस्थेचा पैसा होता. डॉ. जोअॅन जॉर्डन यांनी तो अनेक वर्षं चालवला. पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाचे तीन हजारांवर गोरे आणि कृष्णवर्णीय लोक त्यात घेतले, गुडघ्यांचे आणि खुब्यांचे एक्स-रे काढले, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच लोकांकडे पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं. भिगवण म्हणजे एका क्षणाचा फोटो असेल, तर जॉन्स्टन हा संथ चालणारा सिनेमा आहे.

या सिनेमातून २००८ मध्ये निघालेला निष्कर्ष जगभर गाजला. पंच्याऐंशी वर्षांपर्यंत जगलेल्या जवळजवळ दर दोन माणसांत एकाला दुखरा, झिजलेला गुडघा मिळतो. लठ्ठ असाल तर दर तिघांत दोघांना! शिवाय एक जुना समजही इथे मोडला. कृष्णवर्णीयांना खुब्याची झीज क्वचितच होते, असं आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतल्या पाहण्यांवरून धरून चालले होते. जॉन्स्टन काउंटीत ती त्यांच्यातही गोऱ्यांइतकीच आढळली. एका ठिकाणचा आकडा उचलून दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला चिकटवला की काय होतं, त्याचा हा धडा.

म्हणूनच भिगवणचे १८ टक्के आणि जॉन्स्टनचे निम्मे यांची थेट तुलना करायची नाही. एकीकडे सगळे प्रौढ आणि आज काय दुखतं हा प्रश्न. दुसरीकडे पंचेचाळिशीपुढचे लोक, एक्स-रे आणि आयुष्यभराचा हिशेब. दोन वेगळ्या रचनेचे डेटाबेस आहेत हे. त्यांचा 'जॉइन' लागत नाही, विषय 'जॉइंट'चा असला तरी!

भिगवणची पद्धत पुढे भारतभर गेली. २००० ते २०१० हे 'अस्थी आणि सांधे दशक' म्हणून जगभर पाळलं गेलं. त्या निमित्ताने भारतात डझनभर शहरी आणि ग्रामीण ठिकाणी पन्नास हजारांहून अधिक लोकांची अशीच पाहणी झाली. पुणे शहराची २००४ मध्ये झाली. २००६ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा डॉ. चोप्रांच्या चमूने सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यात रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. बहुतेक लोक बरे झाले, थोड्यांचे सांधे मात्र दुखतच राहिले. 'ताप गेला, आता कशाला दुखेल' असं त्यांना कोणी सांगू नये, एवढं तरी त्या नोंदींनी साधलं.

आणि आपण? भिगवणच्या यादीत आपण नाही, कारण आपण गाव सोडून आलो. जॉन्स्टनच्या सुरुवातीच्या यादीत गोरे आणि काळे होते, पुढच्या टप्प्यात हिस्पॅनिक आले. आपण तिथेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत आशियाई लोक मुद्दाम जास्त संख्येने घ्यायला सुरुवात झाली ती २०११ पासून, आणि तिथेही चिनी, फिलिपिनो, भारतीय सगळे एकाच रकान्यात. दक्षिण आशियाई लोकांसाठी 'मसाला' नावाचा छान अभ्यास आहे, पण तो मुख्यतः हृदयाचा. मॉरिसव्हिलच्या तीसेक हजार वस्तीत चाळीस टक्क्यांहून अधिक आशियाई आहेत. या घरांच्या गालिचे घातलेल्या जिन्यांवरून कठड्याला धरून एकेक पायरी उतरणारे आजी-आजोबा कुठल्या रकान्यात बसतात? सहा महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्यांचे गुडघे तर ना इथल्या हिशेबात, ना तिथल्या.

सगळी मोजदाद आपल्या हातात नाही. पण कॉपकॉर्डचा पहिला टप्पा म्हणजे शेवटी एक प्रश्नच आहे, आणि तो विचारायला डॉक्टर लागत नाही. या दिवाळीत आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना नुसतं 'बरं आहे ना?' न विचारता स्वयंसेवकांसारखं विचारा : कुठे दुखतं? कधीपासून? काय करायचं सोडून दिलंय? सकाळी उठल्यावर बोटं, मनगटं तासभर आखडलेली राहत असतील, सुजत असतील, तर ते वयाचं दुखणं समजू नका. तो आमवात असू शकतो, आणि त्यावर लवकर औषध सुरू केलं तर सांधे वाकडे व्हायचे वाचतात. आणि उद्या एखाद्या विद्यापीठाचा माणूस कागद घेऊन तुमच्या दारात आला, तर 'नॉट इंटरेस्टेड' म्हणून दार लावू नका. भिगवणच्या दहातल्या नऊ जणांनी शेतीची कामं सोडून उत्तरं दिली, म्हणून आज आपल्याला एवढं तरी कळलं.