एकबारी मार्टिनी-हेन्री बंदूक : रचना, वाटप आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

शस्त्रास्त्रांचा इतिहास सामान्यतः लढायांच्या अनुषंगाने लिहिला जातो. शस्त्र हे स्वतःच एक ऐतिहासिक साधन असते, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. एका वेळी एकच काडतूस भरून उडविता येणारी, म्हणजेच एकबारी, मार्टिनी-हेन्री बंदूक या दृष्टीने अभ्यासनीय आहे. तिची रचना, तिच्या वाटपामागील धोरण आणि आज होणारी तिची दुरुस्ती यांचा परस्परसंबंध येथे तपासला आहे.

रचना

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड ही ठासणीची बंदूक होती. जेकब स्नायडर या अमेरिकनाच्या पद्धतीने ती मागून भरता येईल असा बदल १८६६ मध्ये स्वीकारण्यात आला. परंतु ती जुन्याचीच डागडुजी होती. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री मात्र मुळातच मागून भरण्यासाठी घडविलेली होती. हेन्री पीबडी या अमेरिकनाने १८६२ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रणेस बाहेर घोडा होता. स्वित्झर्लंडमधील फ्रेडरिक फॉन मार्टिनी याने त्याऐवजी ठोकळ्याच्या आतच स्प्रिंग व आघात करणारी टोकदार कांडी बसविली. चापामागील तरफ खाली ओढताच ठोकळ्याचे पुढचे टोक झुकते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि त्याच हालचालीत स्प्रिंग ताणली जाते. नळीतील सात सर्पिल खाचांची आखणी एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री याची होती. उणीव होती ती काडतुसात. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले हे काडतूस तापलेल्या नळीत अडकत असे. १८८५ मध्ये सुदानातील अबू क्ली येथे हा दोष प्रकर्षाने जाणवला.

वाटपामागील धोरण

एन्फिल्डच्या चरबीयुक्त काडतुसांमुळे १८५७ च्या उठावाची ठिणगी पडली, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर भारतीय शिपायांच्या हाती आतील खाचा काढून टाकलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या. अशा नळीतून नेम दूरवर साधत नाही. अविश्वास असा शस्त्राच्या रचनेतच उतरविला गेला. पुढेही भारतीय पलटणी एक पिढी मागेच ठेवण्यात आल्या. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत ६६ व्या ब्रिटिश पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. तिच्याच बाजूने लढणाऱ्या मुंबई सैन्यातील ग्रेनेडियर्स व जेकब्स रायफल्स यांच्याकडे मात्र स्नायडर होत्या. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने अनेक काडतुसे एकदम भरता येणारी ली-मेटफर्ड स्वीकारली, तेव्हा भारतीय पलटणींना नवी बंदूक तत्काळ मिळाली नाही.

जतनाचा प्रश्न

हा इतिहास बंदुकीच्या अंगावरच कोरलेला असतो. यंत्रणेच्या उजव्या बाजूस राजमुकुट, निर्मितीस्थळ, वर्ष व नमुन्याचा क्रमांक आढळतो. हिंदुस्थान सरकारच्या मालकीच्या शस्त्रांवर बाण व ‘आय’ हे अक्षर असते. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातील जुन्या शस्त्रांचा मोठा साठा २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यात ब्रिटिश बनावटीच्या मार्टिनी-हेन्रीबरोबरच, बाहेरून तशाच दिसणाऱ्या परंतु आतील यंत्रणा भिन्न असलेल्या, जनरल गेहेंद्र शमशेर यांच्या बंदुकाही होत्या. अनेकींवर देवनागरी अक्षरे व अंक आढळतात.

अशा बंदुकीला ‘नवे रूप’ देण्याचा मोह घातक ठरतो. चाकावर घासल्याने धातूच्या कडा बोथट होतात व ठसे पुसले जातात. दस्ता तासल्यास लाकडावरील शिक्के नाहीसे होतात. याउलट, वाळलेले ग्रीस द्रावकाने हळूहळू मऊ करून काढणे, केवळ वाढता गंज थांबविणे, जुना रंग व झीज राखणे आणि शेवटी मेणाचा पातळ थर देणे ही पद्धत श्रेयस्कर होय. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रांसह नोंद ठेवणे आणि बदललेला सुटा भाग टाकून न देणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

निष्कर्ष

मार्टिनी-हेन्रीचे महत्त्व केवळ यांत्रिक नाही. कोणाच्या हाती कोणते शस्त्र द्यावे, या निर्णयात साम्राज्याची भीती व्यक्त झाली आणि त्या निर्णयाच्या खुणा पोलादावर व लाकडावर उमटल्या. चकाकीसाठी त्या पुसणे म्हणजे दप्तरातील कागद फाडण्यासारखेच आहे.