सोळा पायऱ्या

मी अकोल्याचा. पावसाळ्यात मोर्णेला पूर आला, की तोच आमचा समुद्र. त्यामुळे ओळखीतल्यांच्या शिडाच्या बोटीवर चार दिवस ओकून काढल्यावर मॉरिशसच्या पोर्ट लुईला पाय टेकले, तेव्हा जमीनच डुलत होती. सोबतच्यांना बाजार पाहायचा होता. "तुम्ही व्हा पुढं, बाप्पा," म्हणत मी आप्रवासी घाट गाठला, बाहेरून आणलेले मजूर जिथे उतरत तो धक्का.

घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या. मधोमध घासलेल्या. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली आणि इथल्या उसाच्या मळ्यांना हात कमी पडले. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर आले. पुढे जवळपास पाच लाख माणसं या बेटावर उतरली. मुंबईहून सुटलेल्या जहाजांत मराठी माणसंही होती. इथे प्रत्येकाला नंबर मिळे, नोंद होई. दोनेक दिवस डेपोत, मग मळा.

त्याच काळात वऱ्हाडचा कापूसही मुंबईहून शिडाच्या जहाजांनी, आफ्रिकेला वळसा घालून, लिव्हरपूलला जायचा. सुएझचा कालवा तोवर नव्हता, तो उघडला 1869 मध्ये. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा तर आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाठीवर मार्का, माणसावर नंबर, हिशेब एकच.

पण गाठीचं सूत झालं नि ती संपली. माणसं मात्र टिकली. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकवतात.