शाश्वत विकास आणि दारिद्र्य निर्मूलन : श्रीलंकेच्या श्रमदान चळवळीतून घ्यायचे धडे

शाश्वत विकास हा शब्द आता शाळेच्या पुस्तकापासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत सगळीकडे दिसतो. पण आपल्या बैठकांमध्ये हा विषय निघाला की अनेक तरुण म्हणतात, "ते संयुक्त राष्ट्रांचे काम आहे, आपला काय संबंध?" संबंध जवळचा आहे. विकसनशील देशांतील दारिद्र्य कसे हटवायचे, या प्रश्नावर एका बौद्ध देशात साठ वर्षांहून अधिक काळ एक मोठा प्रयोग चालू आहे आणि त्याची सुरुवात एका अस्पृश्य वस्तीतून झाली. श्रीलंकेतील 'सर्वोदय श्रमदान' चळवळ हा तो प्रयोग. या लेखात आम्ही तिची माहिती देत आहोत. तिचे यश, तिच्या मर्यादा आणि आंबेडकरी दृष्टीने तिच्याकडे कसे पाहावे, हेही मांडत आहोत.

शाश्वत विकास म्हणजे काय?

१९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने आपल्या अहवालात ही कल्पना जगापुढे स्पष्टपणे ठेवली. आजच्या माणसांच्या गरजा भागवायच्या, पण त्यासाठी पुढच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढून घ्यायचा नाही, असा तिचा साधा अर्थ. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी दारिद्र्य, भूक, शिक्षण, आरोग्य यांसाठी आठ सहस्रक विकास ध्येये पुढे आणली. त्यांची मुदत संपताना, सप्टेंबर २०१५ मध्ये, १९३ सदस्य देशांनी सतरा शाश्वत विकास ध्येये आणि १६९ लक्ष्ये स्वीकारली. मुदत २०३० पर्यंतची आहे. पहिले ध्येय दारिद्र्य संपवण्याचे, तर दहावे विषमता कमी करण्याचे आहे.

दारिद्र्य मोजण्याच्या दोन पद्धती माहीत असाव्यात. जागतिक बँक उत्पन्न किंवा खर्चावरून रेषा ठरवते. जून २०२५ पासून अतिदारिद्र्याची रेषा दररोज माणशी ३ डॉलर आहे, आणि ती देशोदेशींच्या किमतींतील फरक जमेस धरून मोजली जाते. दुसरी पद्धत २०१० पासून वापरात असलेल्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाची. तिच्यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजूंचे दहा निकष तपासले जातात. घरात कुपोषण आहे का, मुले शाळेत जातात का, स्वयंपाकाला कोणते इंधन आहे, पाणी आणि शौचालय आहे का, असे हे निकष आहेत. ही दुसरी पद्धत आपल्या वस्तीच्या अनुभवाशी अधिक जुळते. पाणवठ्यावर मज्जाव झाला की काय होते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणत्याही निर्देशांकाशिवाय माहीत होते.

दारिद्र्याविषयी धम्म काय सांगतो?

बुद्धाने दारिद्र्याचे गोडवे गायिले, असा समज काही लोक पसरवतात. तो चुकीचा आहे. भिक्खूने स्वेच्छेने स्वीकारलेला अपरिग्रह वेगळा आणि गृहस्थावर लादलेली गरिबी वेगळी.

दीघनिकायातील चक्कवत्ति सीहनाद सुत्तात एका राजाची कथा आहे. तो प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी येते, चोरीतून शस्त्रे, हत्या आणि खोटेपणा. राजा कठोर शिक्षा देऊ लागतो, तेव्हा हिंसा आणखी वाढते. त्याच निकायातील कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला वेगळा सल्ला देतो : शेतकऱ्याला बियाणे आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, राजसेवेत असलेल्याला योग्य वेतन द्या. गुन्हेगारी मोडण्याचा मार्ग म्हणून तो रोजगार सुचवतो. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात गरिबीतून कर्ज, कर्जातून व्याज आणि व्याजातून सावकाराचा तगादा कसा येतो, याची साखळीच मांडली आहे. महिन्याच्या हप्त्याला घाबरणाऱ्या आपल्या आया-बहिणींना हे सुत्त समजावून सांगावे लागणार नाही.

धम्मपद अट्ठकथेत आळवी गावची गोष्ट येते. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी प्रवचनाला पोहोचतो. तथागत त्याच्यासाठी थांबतात, आधी त्याला जेवू घालायला सांगतात आणि मगच उपदेश करतात. भुकेल्यापर्यंत धम्म पोहोचवायचा तर आधी भूक भागवावी लागते, हे या गोष्टीचे सार आहे.

कनतोलुव, डिसेंबर १९५८

श्रीलंका हा बौद्ध देश, पण तेथेही जात आहे. १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकायात उपसंपदा केवळ गोयिगम या वरच्या मानल्या गेलेल्या जातीपुरती मर्यादित राहिली. त्याला उत्तर म्हणून १८०३ साली इतर जातींच्या भिक्खूंनी ब्रह्मदेशात उपसंपदा घेऊन अमरपुर निकाय उभा केला. या उतरंडीच्या तळाशी रोडिया समाज होता. भीक मागणे हाच त्यांचा व्यवसाय ठरवला होता, आणि कमरेच्या वर वस्त्र घालण्यावरही रूढीची बंदी होती.

कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयात ए. टी. अरियरत्ने हे तरुण विज्ञान शिक्षक होते. डिसेंबर १९५८ च्या सुट्टीत ते काही विद्यार्थी आणि सहकारी शिक्षकांना घेऊन कुरुनेगल जिल्ह्यातील कनतोलुव या रोडिया गावात गेले. शहरातील सुखवस्तू घरांतील मुले तेथे राहिली. त्यांनी विहिरी आणि शौचालयांसाठी खड्डे खणले, गावकऱ्यांबरोबर काम केले, त्यांच्याबरोबर जेवण केले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या दारात ही मुले कुदळ घेऊन उभी राहिली.

यातून शिबिरांची साखळी सुरू झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शंभर गावांची विकास योजना हाती घेतली गेली. १९६९ साली अरियरत्ने यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर १९९६ साली भारत सरकारचा गांधी शांतता पुरस्कार. १९७२ साली संसदेच्या कायद्याने संस्थेला मान्यता मिळाली. आज संस्था पंधरा हजार गावांपर्यंत पोहोचल्याचे सांगते. १६ एप्रिल २०२४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, अरियरत्ने यांचे निधन झाले.

गावाला लावलेली चार आर्यसत्ये

या चळवळीने चार आर्यसत्यांचा सामाजिक अर्थ लावला. दुःख म्हणजे खचलेले गाव : रोगराई, कर्ज, भांडणे, निरक्षरता. समुदय म्हणजे त्याची कारणे : लोभ, द्वेष, फूट, स्वार्थी स्पर्धा. निरोध म्हणजे हे बदलू शकते हा विश्वास. मार्ग म्हणजे शिक्षण, आरोग्य, सहकार्य आणि एकत्र काम. दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानात्मता ही चार संग्रहवस्तू गावबैठकीच्या वागणुकीचे नियम बनली. शिबिरात सगळ्यांनी एकमेकांना नात्याने हाक मारायची, जातीने नाही.

काम कुठून सुरू करायचे, यासाठी दहा मूलभूत गरजांची यादी ठरली : स्वच्छ परिसर, पुरेसे पाणी, किमान कपडे, सकस अन्न, साधे घर, प्राथमिक आरोग्यसेवा, रस्ते व संपर्काची साधने, इंधन, शिक्षण, आणि सांस्कृतिक व आध्यात्मिक गरजा. पैशाचे उत्पन्न या यादीत स्वतंत्रपणे नाही. ते या गरजा भागवण्याचे साधन मानले आहे.

गावाची वाटचाल पाच टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात श्रमदानातून लोक एकत्र येतात. दुसऱ्यात मुले, युवक, माता, शेतकरी यांचे गट तयार होतात आणि बालवाडी सुरू होते. तिसऱ्यात गावाची स्वतःची संस्था कायद्याने नोंदवली जाते. चौथ्यात बचत, कर्ज आणि उद्योग उभे राहतात. पाचव्यात हे गाव शेजारच्या गावाला मदत करते. नोंदणी आणि पैसा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर येतात, ही यातली महत्त्वाची बाब. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटे होते. आधी संस्थेची नोंदणी आणि लेटरहेड, मग अध्यक्षपदाचा वाद, आणि लोक शेवटी.

यशात राज्यसंस्थेचाही वाटा

श्रीलंकेची प्रगती केवळ श्रमदानाने झाली, असे म्हणणे चूक ठरेल. तेथे १९३१ साली सार्वत्रिक प्रौढ मताधिकार आला, १९४५ पासून मोफत शिक्षण सुरू झाले. मोफत सरकारी आरोग्यसेवा आणि तांदळावरील अनुदान यांची जोड मिळाली. म्हणूनच कमी उत्पन्न असतानाही साक्षरता आणि आयुर्मानात हा देश दक्षिण आशियात पुढे राहिला. गावाची ताकद आणि शासनाची जबाबदारी, दोन्ही लागतात.

कुठे अडले?

पहिली अडचण पैशाची. १९८० च्या दशकात परदेशी देणगीदारांचा मोठा निधी आला आणि कर्मचारी वाढले. त्याबरोबर देणगीदारांच्या अटी आणि अहवालही वाढले. १९९० च्या दशकात निधी आटला आणि संस्थेला मोठी कपात करावी लागली. दुसरी अडचण सत्तेची. १९९० साली सरकारने स्वयंसेवी संस्थांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, आणि त्या काळात संस्थेवर मोठा दबाव आला. तिसरी यादवी युद्धाची. १९८३ ते २००९ या काळात सिंहली-तमिळ संघर्षाने देश पोखरला. चळवळीने शांतता ध्यानाचे मोठे कार्यक्रम घेतले, पण युद्ध त्यांनी थांबले नाही.

चौथा धडा अलीकडचा आहे आणि तो सरकारने दिला. २०२१ मध्ये श्रीलंका सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. शेतकऱ्यांना तयारीला वेळ दिला नाही. उत्पादन घसरले आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. परकीय चलन आधीच संपत आले होते, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार एका वर्षात गरिबांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. सेंद्रिय शेतीचे ध्येय चांगले होते. पण ज्याच्या पोटाचा प्रश्न, त्यालाच न विचारता केलेला बदल शाश्वत होत नाही.

आंबेडकरी दृष्टीने

बाबासाहेब १९५० साली कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. पण या चळवळीकडे आपण भक्तिभावाने नव्हे, बाबासाहेबांच्या चिकित्सक नजरेने पाहिले पाहिजे. त्यातून आम्हाला तीन प्रश्न दिसतात.

पहिला प्रश्न 'श्रमदान' या शब्दाचाच. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबण्याचे 'दान' दिले आहे. त्याचे खरे नाव वेठबिगार होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. कनतोलुवचे शिबिर भरले त्याच १९५८ सालचा आपल्याकडचा कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा आहे. म्हणून कसोटी एकच : श्रम कोण देतो आणि कोणासाठी? कनतोलुवमध्ये वरच्या थरातील मुले तळाच्या वस्तीसाठी राबली, म्हणून ते श्रमदान ठरले. गावच्या रस्त्यासाठी पुन्हा दलित वस्तीनेच घाम गाळायचा असेल, तर शब्द नवा आणि व्यवस्था जुनीच.

दुसरा प्रश्न गावाचा. 'सर्वोदय' ही कल्पना गांधी-विनोबांच्या परंपरेतून आली. जुने गाव एकोप्याचे होते आणि नंतर बिघडले, असे तिचे गृहीत आहे. गोम्ब्रिच आणि ओबेयसेकेरे या अभ्यासकांनी १९८८ साली याच आदर्श चित्रावर टीका केली. बाबासाहेबांनी तर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाचा स्पष्ट शब्दांत समाचार घेतला होता. गाव जोडायचे असेल, तर आधी ते कोणामुळे तुटले हे सांगावे लागेल.

तिसरा प्रश्न जमिनीचा. लोभ हे दुःखाचे कारण खरेच, पण तो जमिनीच्या मालकीतून आणि कायद्यातूनही काम करतो. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान जमीनधारणेवर लिहिताना शेतीवरचा जादा भार उद्योगांकडे वळवण्याचा मार्ग मांडला. १९४७ च्या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन जातिभेद न करता सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, असे सुचवले. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह त्याच वाटेवरचे. मन बदलणे आवश्यक आहे, पण सातबारा त्याने आपोआप बदलत नाही.

युवकांनी काय करावे?

वरील अनुभवातून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो.

१. आपल्या वस्तीची दहा गरजांची पाहणी करा. घरोघरी जाऊन पाणी, शौचालय, शाळा सोडलेली मुले आणि कर्जाचे हप्ते यांची नोंद ठेवा. बोलण्यापेक्षा आकडे ग्रामसभेत अधिक काम करतात.

२. विहाराचा उपयोग रविवारच्या वंदनेपुरता ठेवू नका. संध्याकाळी अभ्यासिका आणि महिन्यातून एकदा आरोग्य तपासणी तेथे होऊ शकते.

३. महिलांच्या बचत गटांत हिशेब वाचायला शिकवा. व्याजाचा खरा दर कसा काढायचा हे कळले, तर अनेक घरे तगाद्यातून वाचतील.

४. हक्काचा निधी मागा. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा आपल्या गावात कशावर खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणाऱ्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड योजनेसाठी अर्ज भरून द्या.

५. आपल्यापेक्षाही तळाशी असलेल्या समाजाकडे जा. भटक्यांचा पाल, सफाई कामगारांची चाळ, वीटभट्टीवरची झोपडी ही आपली कनतोलुव आहेत.

यातले शेवटचे काम सर्वांत कठीण आहे. आपल्यावर झालेला अन्याय आपण रोज सांगतो, पण आपण कोणाच्या दारात कुदळ घेऊन गेलो, याचे उत्तरही द्यावे लागेल. येत्या जयंतीच्या वर्गणीतील काही भाग आणि आपल्या सुट्टीतील आठ दिवस यासाठी बाजूला काढता येतील का, हा विषय पुढच्या बैठकीत पहिला घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.